कुत्रं पास, मालक नापास

दस्तगीरचाचाला कोणी 'कुत्री शिकवणारा' म्हटलं की तो चिडायचा. "कुत्रं काय शिकवायचं? त्ये शाणंच असतंय. मालकाला शिकवायला लागतंय," असं म्हणायचा, आणि तेही मालकाच्या तोंडावर. मी त्याला समोर अहोजाहो करायचो, पण मनात तो कायम 'तो'च राहिला, म्हणून इथंही तसंच लिहितो.

मी जनावरांचा डॉक्टर. एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास बदली होऊन कोल्हापूरला आलो, तेव्हा म्हशीचं आडलेलं बाळंतपण आणि बैलाचे खूर एवढ्यापुरती माझी विद्या होती. कुत्रा हे माझ्या मते डॉक्टरला चावण्यासाठी जन्माला आलेलं जनावर. त्याला सुई द्यायची पद्धत ठरलेली होती. कंपाउंडरनं गळ्यात दोरीचा फास टाकायचा, शिपायानं मागचे पाय धरायचे, मी सुई टोचायची आणि तिघांनीही लांब उडी मारायची.

एकदा एका वकिलांचा अल्सेशियन आला. कान सुजलेला, आणि कोणालाही जवळ येऊ देईना. कंपाउंडरच्या हातात काठी होती. कुत्र्यानं ती पाहिली आणि दोरीला असे हिसके दिले की वकीलसाहेब स्वतःच गटारात बसले. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. बुटका, वाळलेला, डोक्याला गोल टोपी, पायजमा-सदऱ्यावर खाकी कोट, आणि कोटाचे दोन्ही खिसे टम्म फुगलेले. जवळ आला तसा वाळक्या मटणाचा वास मारायला लागला. त्यानं कोणाची ओळख विचारली नाही की आपली सांगितली नाही.

"त्ये दांडकं आदी भाईर फेका," तो कंपाउंडरला म्हणाला. "त्येला वाचता येतंय त्ये."

मग तो कुत्र्याकडं पाठ करून खाली मातीत बसला. खिशातून हरभऱ्याएवढा तुकडा काढून मागं टाकला. पुन्हा एक, थोडा अलीकडं. असं अर्धा तास चाललं. मी घड्याळ बघत होतो आणि चरफडत होतो. अर्ध्या तासानं त्या धटिंगण कुत्र्यानं त्याच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि मी त्याच्या कानात औषध घातलं. कोणालाही उडी मारावी लागली नाही.

"कुठं शिकलात हे?" मी विचारलं.

"माजा बा संस्थानात चित्तं राखायला हुता," तो म्हणाला. "चित्ता हरणावर बसला की त्येला उठवायचा कसा? लाकडी पळीत मटान दावून. चापट मारून बगा की एकदा. दुसरी मारायला हात ऱ्हात न्हाय."

संस्थान गेलं, चित्ते त्याआधीच गेले. चाचाकडं फक्त ती पद्धत राहिली होती. गंगावेशीजवळ एका खोलीत तो एकटाच राहायचा. खाटकाकडून बकऱ्याची फुफ्फुसं आणून उकडायचा, त्याचे बारीक तुकडे करून पत्र्यावर वाळत घालायचा. घारी आणि शेजारणी अशा दोन्ही बाजूंनी त्याला त्या पत्र्याची राखण करावी लागायची. सकाळी आमच्या दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत तो कुत्री घेऊन यायचा. बंगलेवाल्यांची, ऊसवाल्यांची, कोंबड्या पाळणाऱ्यांची. कुत्रं बसलं, तुकडा. थांबलं, तुकडा. चुकलं, तर काहीच नाही. तो नुसता आभाळाकडं बघत उभा राहायचा, आणि त्या बघण्याचं कुत्र्यांना फार वाईट वाटायचं.

तीन महिन्यांनी कुत्रं मालकाच्या स्वाधीन व्हायचं. पण चाचाचं काम तिथं संपत नसे. महिन्याभरानं, न सांगता-सवरता, तो एस. टी. धरून त्या घरी जाऊन उभा राहायचा. याला तो 'परीक्षा' म्हणायचा. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून परतल्यावर थेट माझ्या टेबलाशी यायचा. दवाखान्यातल्या जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठीवर मी त्याचे निकाल लिहायचो. सरकारी कागदाचा असा वापर करणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

"लिवा. टायगर. बस म्हटल्यावर बसणं, पास. परक्याच्या हातचं न खाणं, पास. हाक मारल्यावर येणं, नापास. का? तर मालकानं हाक मारून बलवून घेतलंय आन मारलंय. लिवा खाली, कुत्रं पास, मालक नापास."

टायगरचा मालक एक बडा कंत्राटदार होता. चाचानं त्याला निकाल कसा समजावून सांगितला ते मला कंत्राटदारानंच नंतर सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. चाचा बागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "सायेब, हिकडं या!" साहेब गेले. "गाढव हायसा काय?" चाचा म्हणाला. पुन्हा लांब गेला, पुन्हा हाक, पुन्हा तेच. चौथ्या हाकेला साहेब जागचे हलले नाहीत.

"बगा," चाचा म्हणाला. "तुमास्नी तीन हाका पुरल्या. कुत्रं म्हैनाभर येत हुतं."

परक्याच्या हातचं न खाणं, हा त्याचा खास धडा. चोर आधी कुत्र्याला विष घालतात, मग कुलूप तोडतात. म्हणून समोर मटण पडलं तरी शब्द ऐकल्याशिवाय तोंड लावायचं नाही, हे तो कुत्र्यांना महिनाभर शिकवायचा. शब्द होता 'घे'. निदान आम्ही सगळे तसं समजत होतो, आणि तोही.

एकदा इचलकरंजीकडच्या एका यंत्रमागवाल्याचं कुत्रं त्याच्याकडं शिकायला होतं. त्याच्या पंजात काच गेली, म्हणून मी ते चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. चाचा नेमका तापानं आजारी. कुत्रं खाईना. कंपाउंडरनं 'घे' म्हटलं, मी म्हटलं, शिपायानं तर चालीवर म्हटलं. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण मान हलत नव्हती. तिसऱ्या दिवशी चाचा घोंगडी पांघरून आला, ताटलीपुढं बसला, 'घे' म्हणाला, आणि कुत्रं तुटून पडलं.

मी त्याच्या समोरच होतो. 'घे' म्हणण्याआधी त्याचे ओठ हलले होते.

"चाचा, आधी काय म्हणालात?"

"कवा?"

"घे म्हणायच्या आधी. पुटपुटलात काहीतरी."

चाचा बावचळला. मग त्याच्या लक्षात आलं. "बिस्मिल्ला," तो म्हणाला. "बा म्हणायचा, शिकारीवर कुत्रं सोडताना नाव घ्यायचं, न्हायतर ती शिकार खायाला चालत न्हाय. ल्हानपणापास्नं त्वांडात बसलंय. म्हंजे कुत्रं घे ऐकतच न्हाय व्हय? इतकी वर्सं मी काय शिकवतोय ह्ये माजं मलाच ठावं न्हाय?"

त्याच्या हातची कुत्री नव्या घरी गेली की पाच-पाच दिवस उपाशी राहायची. चाचा सगळ्यांना सांगायचा, मालक बदलल्याचं दुःख असतंय. दुःख कसलं, बिचारी शब्दाची वाट बघत असायची. मी मोठ्यानं हसलो. थोड्या वेळानं तोही हसला, आणि मग त्यानं ठरवून टाकलं. "ऱ्हाऊ द्या की. ह्येच्यापरीस चांगलं कुलूप कुठलं? चोर काय बिस्मिल्ला म्हणून इख घालणार हाय?"

तेव्हापासून कुत्रं स्वाधीन करताना तो मालकाच्या कानात ते कुलूप सांगायचा. एक निवृत्त संस्कृतचे मास्तर होते, ते तो शब्द इतका स्वच्छ उच्चारायचे की चाचा त्यांचं उदाहरण देई. त्याच्या गल्लीतल्या एका वडीलधाऱ्यानं मात्र त्याला बोलावून झापलं. कुत्र्याच्या ताटावर ते नाव घेतोस, लाज वाटत नाही? चाचा मला म्हणाला, "त्येंचं बी खरं असंल. पर भूक त्येनंच दिलीया न्हवं कुत्र्याला? मी न्हाय दिली."

मलकापूर रस्त्यावरच्या एका गावात आक्का होत्या. विधवा बाई, चार म्हशी, थोडा ऊस, आणि एकुलता एक मुलगा तानाजी पुण्याला कारखान्यात. विहिरीवरच्या मोटारीची तार दोनदा चोरीला गेली, तेव्हा त्यांनी हौशाला आणलं. हौशा म्हणजे कारवानी जातीचा, लांब पायांचा, भाजलेल्या भाकरीच्या रंगाचा. चाचानं आक्कांना शब्द सांगितला.

"बिसमिल्या," आक्का म्हणाल्या. "म्हंजे रं काय, दस्तगीर?"

"देवाच्या नावानं, आक्का."

"मग आसं सांग की! आमी बी जेवताना त्येचंच नाव घेतो. त्येला कुटं भाषा कळती?"

परीक्षेला गेला तेव्हा चाचा दारातच थांबून ऐकत राहिला. आक्का म्हशीचं धारोष्ण दूध हौशाच्या ताटलीत ओतत होत्या आणि म्हणत होत्या, "बिसमिल्या, घे रं माझ्या राजा." सुट्टीवर आलेला तानाजी ओसरीवर बसून आईची नक्कल करत होता, "चाचा, आमची आई पार बिघडीवलासा की तुमी!" चाचानं त्या दिवशी माझ्याकडून लिहून घेतलं, "कुत्रं पास, मालकीण पैल्या नंबरात." असा निकाल मी एवढ्या वर्षांत एकदाच लिहिला.

दहा वर्षं गेली. मधे माझी बदली होऊन मी पुन्हा कोल्हापूरला आलो होतो. हौशा म्हातारा झाला होता, आक्काही. एका पावसाळ्यात आक्कांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. तानाजी नोकरी सोडून बायकोला घेऊन गावी आला, आणि आईच्या जागी तोच शब्द म्हणून हौशाला खायला घालू लागला.

त्या सुमारास गावाकडची हवा बदलली होती. कुठं काय घडलं हे मी इथं लिहीत नाही, कारण आमच्या बाजूला तसं घडलं काहीच नव्हतं. नुसतं बोलणं बदललं होतं. चहाच्या टपरीवर पूर्वी ज्यावरून हसायचे त्यावरूनच आता टोमणे मारायचे. तानाजीला कोणीतरी सगळ्यांदेखत विचारलं, "तुमचं कुत्रं नमाज पडतंय म्हणं?" तो तरुण माणूस, नुकताच गावात परतलेला, नोकरी नाही, आई अंथरुणाला. त्याला ते झोंबलं. त्यानं ठरवलं की आपल्या दारात तो शब्द पुन्हा निघणार नाही.

मी त्याच्या म्हशीसाठी गेलो होतो. व्यायलेली म्हैस आडवी पडली होती, गावातली चार-पाच माणसं धरायला जमली होती. सलाईन लावता लावता माझं लक्ष हौशाकडं गेलं. साखळीला बांधलेला, बरगड्या मोजाव्यात अशा वर आलेल्या. पुढं ताटली भरलेली, तिच्यावर माश्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"चार," तानाजी म्हणाला. "नाटकं करतंय. आईनं नादावलंय त्येला. तुमीच सांगा सायेब, भूक लागली की खाईल का न्हाय?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मला तो शब्द माहीत होता. तीन अक्षरं. मी सरकारी डॉक्टर, मला कोण काय म्हणणार होतं? मी तिथल्या तिथं ती तीन अक्षरं म्हणालो असतो तर हौशानं ताटली चाटून पुसून ठेवली असती. मी म्हणालो, "खाईल. कुत्रं उपाशी मरत नाही."

पुस्तकात तसंच लिहिलंय. आणि पुस्तकही खोटं नाही. नुसतं उपाशी ठेवलेलं कुत्रं पाचव्या-सहाव्या दिवशी शब्द विसरतं आणि खातं. पण माझ्या त्या वाक्यानं तानाजीला जोर आला. पाचव्या दिवशी त्यानं हौशाचं तोंड धरून ताटलीत दाबलं. हौशानं तोंड फिरवलं, तर कमरेचा पट्टा काढून मारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग त्या कुत्र्याला ताटलीचीच भीती बसली. आता शब्द विसरलं असतं तरी ते खाणार नव्हतं.

हे मला कळलं ते चाचाबरोबर पुन्हा गेलो तेव्हा. दोन दिवस गप्प बसून मग मीच त्याला सांगितलं होतं, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या गाडीला माझ्यासोबत निघाला. आम्ही अंगणाशी पोचलो. तानाजी समोर आला.

"काय काम काढलंसा, पावणं?"

चाचा दचकला. दहा वर्षं जो पोरगा चाचा म्हणत होता, तो आज वाटसरूला विचारावं तसं विचारत होता. तरी चाचा नरमाईनं बोलला.

"तानाजी, मी शबुद बदलून देतो. तू म्हणशील त्यो. तुज्या देवाचं नाव शिकीवतो, तुज्या आईचं नाव शिकीवतो. फकस्त चार दिस दे. आदी नवा शबुद म्हणायचा, मागनं जुना, मग घास. मग जुना सोडून द्यायचा. जुना म्हंजे पायरी हाय रं. पायरीबिगर म्हातारं कुत्रं वर कसं चढंल?"

"म्हंजे आदी त्योच म्हणायचा."

"चारच दिस. तुमी कानात बोटं घाला."

"न्हाय."

चाचाची आणि हौशाची तोवर नजरानजर झाली होती. हौशा शेपटी हलवत होता, पण पाठीवरचे वळ दाखवत जमिनीला चिकटून राहिला होता. चाचानं ते वळ पाहिले आणि त्याचा चेहरा काळवंडला.

तेवढ्यात घरातून आवाज आला. आक्कांनी चाचाचा आवाज ओळखला होता. "ब... ब..." असं काहीतरी. पुन्हा, जास्त जोरानं, "बि... बि..." हौशाचे कान उभे राहिले. तो कष्टानं उठला, साखळी ताणून दाराकडं तोंड करून नीट बसला, आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार सुटली. आक्का आत जिवाच्या आकांतानं ते एक अक्षर घोटत होत्या आणि पुढचं येत नव्हतं. कुत्रं पुढच्या अक्षराची वाट बघत बसलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ जनावरं मरताना पाहिली आहेत, पण त्या अंगणात मला उभं राहवेना.

तानाजी आत गेला. "आये, गप पड," असं म्हणाला आणि दार ओढून घेतलं. तो बाहेर आला तेव्हा त्याचेही डोळे लाल होते, पण तो शब्दापासून हटला नाही. आम्ही परत फिरलो.

गाडीत मी चाचाला म्हणालो, "तुम्ही मोठ्यानं ओरडला असतात तर? तीन अक्षरं, चाचा! काय करणार होता तो?"

"दुसऱ्याच्या दारात, त्येच्या मर्जीबिगर, देवाचं नाव घेतलं तर त्ये नाव ऱ्हात न्हाय डाक्टर," चाचा म्हणाला. "शिवी हुती त्येची."

त्यानं हा प्रश्न मला उलटा विचारला नाही. विचारायला हवा होता. त्यानं विचारला नाही याचा मला त्या वेळी राग आला, आणि अजूनही कधी कधी येतो.

तिसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून तानाजीनंच हौशाला दवाखान्यात आणलं. चादरीत गुंडाळून, लहान मुलाला आणावं तसं. माझ्या टेबलावर ठेवलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी सलाईन लावलं. शिपायाला चाचाकडं पिटाळलं. चाचा आला, त्यानं तानाजीकडं बघितलं. तानाजीनं होकारार्थी मान हलवली. मग चाचानं हौशाच्या कानाशी तोंड नेऊन, पुटपुटत नव्हे, चांगलं स्वच्छ म्हटलं, "बिस्मिल्ला. घे."

हौशानं तुकडा तोंडात घेतला. गिळता आला नाही. दुपारी तो गेला तेव्हा तो तुकडा तसाच त्याच्या जिभेवर होता.

"मला वाटलं, खाईल," तानाजी म्हणाला आणि माझ्याकडं बघून रडायला लागला. "सायेब म्हणलं हुतं, खाईल."

चाचानं त्याला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. मलाही द्याव्यात. चाचा उठला, त्यानं तानाजीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, आईकडं जा. तुजी चूक न्हाय." तो गेल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसला.

"लिवा, डाक्टर. हौशा. परक्याच्या हातचं न खाणं, पास."

मी लिहिलं.

"खाली लिवा. शिकीवणारा नापास."

मी लिहायला तयार होईना. त्यानं टेबलावर बोट टेकवलं आणि मी लिहीपर्यंत उचललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवीन कुत्री घेणं बंद केलं. माझ्या खणातले सगळे केसपेपर काढायला लावले, आणि त्याच्या हातची जिवंत असलेली कुत्री कुठं कुठं आहेत ते मला वाचायला लावलं. एकवीस भरली. एकेकाच्या घरी जाऊन तो शब्द काढून टाकायचा, असं त्यानं मनाशी घेतलं. शब्दाच्या जागी टिचकी. आधी टिचकी, मग बिस्मिल्ला, मग घास, असं चार दिवस. पाचव्या दिवसापासून नुसती टिचकी.

कितीतरी मालकांनी त्याला परोपरीनं सांगितलं, "ऱ्हाऊ द्या की चाचा. आमाला काय अडचण न्हाय." संस्कृतचे मास्तर तर भांडलेच त्याच्याशी. चाचाचं उत्तर ठरलेलं होतं. "तुमाला न्हाय, मालक. तुमच्या मागनं येणाऱ्याला असंल."

अडचण कुत्र्यांची नव्हतीच. अडचण चाचाच्या ओठांची होती. साठ वर्षांची सवय. पाचव्या दिवशी टिचकी वाजवली की घास पुढं जाण्याआधी ओठ आपोआप हलायचे, आणि कुत्रं बरोबर ते बघायचं. चार दिवसांची मेहनत पाण्यात जायची. चाचानं पहिल्यांदा तोंडात सुपारी धरून बघितली. मग दात आवळून. शेवटी त्यानं खाकी कोटाच्या खिशातून मोठा रुमाल काढला आणि तोंडाला बांधून मागं गाठ मारली.

असा तो वर्षभर फिरला. मी कामासाठी गावोगाव जायचो, तेव्हा कधी कुठं वस्तीवर दिसायचा. एखाद्या कुत्र्यासमोर मातीत बसलेला, डोळ्यांखाली सगळा चेहरा रुमालात बांधलेला, आणि टिचक्या वाजवतोय. ती शिकलेली कुत्री, ती बिचारी त्याच्या डोळ्यांकडं बघायची, रुमालाकडं बघायची, पुन्हा डोळ्यांकडं. एकदा एकानं पुढं होऊन नाकानं रुमाल वर ढकलायचा प्रयत्न केला. चाचानं हळूच मान मागं घेतली आणि आभाळाकडं बघत बसून राहिला. मला तिथं थांबवेना. मोटरसायकल ढकलत थोडी लांब नेऊन मग चालू केली.

माझी पुन्हा बदली झाली. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी कबनूरजवळ एका कोंबड्यांच्या शेडवर लस द्यायला गेलो होतो. चाचा तिथंच होता. एकविसावं कुत्रं, काळं, तरणंताठं. मी लांब उभा राहिलो. टिचकी वाजली. कुत्र्यानं क्षणभर रुमालाकडं बघितलं आणि खाली मान घालून खायला लागलं. चाचानं पुन्हा टिचकी वाजवली, पुन्हा. तिन्ही वेळा खाल्लं.

"पास," मी म्हणालो.

त्यानं रुमाल सोडला. गालांवर त्याचे वळ उठले होते, आणि चेहरा उन्हानं रापलेला असताना तोंडाभोवतीची कातडी मात्र पांढरट राहिली होती. विहिरीवर हातपाय धुऊन आला, बाभळीच्या सावलीत बसला आणि फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, कांदा. अर्धी भाकरी माझ्यापुढं ठेवली. मी बदलीचं सांगितलं. तो बरं म्हणाला. त्यानं घास मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला.

दोन-चारदा चावला असेल, आणि थांबला. गालात घास तसाच ठेवून समोर बघत राहिला. मग माझ्याकडं वळला. इतका घाबरलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

"डाक्टर, म्हटलं का वो मी?"

मी त्याच्या हाताच्या अंतरावर बसलो होतो. त्याचे ओठ मी बघितले होते. ते हलले नव्हते.

"म्हटलंत की."

"नक्की?"

"ऐकलं की मी, चाचा. बिस्मिल्ला म्हणालात."

तो शब्द माझ्या तोंडून निघायची ती पहिलीच वेळ. शेडजवळचं कुत्रं मान वर करून आमच्याकडं बघायला लागलं, आणि आम्ही दोघंही तिकडं न बघता बसून राहिलो.

"मग बरं," चाचा म्हणाला, आणि चावू लागला.